‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ आणि दुधाचा फॅट

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. नवीन पोरं घेताना मुलाखतीला बसतो, म्हणून आमच्या भागातली कॉलेजंही मॉक इंटरव्ह्यूला बोलावतात. एक उत्तर इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन: ‘माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्किंग, माय विकनेस इज आय ट्रस्ट पीपल व्हेरी इझिली.’ मुलगा संगमनेरचा असो की जामखेडचा, विकनेस तोच.

मध्यंतरी बीएस्सीचा एक मुलगा समोर बसला. मागून आणलेला ब्लेझर खांद्यावरून उतरत होता. पाठ केलेलं संपलं आणि गडी गप्प. प्रोजेक्टचं विचारलं तर ‘ग्रुप प्रोजेक्ट होता सर.’ म्हटलं, राहू दे, मराठीत बोल. सकाळी उठल्यावर काय करतोस?

तर हा पठ्ठ्या गावातलं दूध संकलन केंद्र सांभाळतो. कॅन आला की नमुना घ्यायचा, मशीनवर फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघायचा, पावती द्यायची. गाईच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ धरून दर ठरतो; पॉइंट घसरला की पैसे कापले जातात. दर दहा दिवसांनी बिल. आणि कट लागलेला शेतकरी चेअरमनकडे जात नाही, याच्याच अंगावर येतो, ‘तुझं मशीनच खोटं आहे.’

मग तू काय करतोस?

‘त्यांच्यासमोर दूध ढवळून पुन्हा नमुना लावतो सर. तरी नाही पटलं तर आधी ज्यांचं मोजलंय त्यांचा नमुना परत लावून दाखवतो. तोच आकडा आला की गप बसतात.’

अरे बाबा, हेच शिकवायला आम्ही नव्या ट्रेनीला ट्रेनिंग देतो! मोजमापावर शंका आली की वाद घालायचा नाही, पुन्हा मोजून दाखवायचं. वर रागावलेल्या माणसाशी बोलणं, हिशेब जुळवणं, ते सगळं आलंच. आणि याच्या बायोडेटात काय? ‘हॉबी: लिसनिंग म्युझिक.’ दुधाचा शब्द नाही. का लिहिलं नाहीस म्हटलं तर म्हणे, ‘ते घरचं काम आहे ना सर.’

माझं म्हणणं एवढंच आहे की आमच्या पोरांकडे सांगण्यासारखं भरपूर असतं, पण ते ‘चालतं’ हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आणि ज्यांच्याकडे खरोखर काही नसतं, त्यांना शेवटच्या सेमिस्टरला दोन दिवसांचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर देऊन काय होणार? वक्ते येतात, टाळ्या वाजवायला लावतात, ‘आरशासमोर उभे राहा’ म्हणतात. आरसा प्रतिप्रश्न विचारत नाही. मुलाखतीत गाडी अडते ती दुसऱ्या प्रश्नाला.

खरं तर ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९४७ साली कॉलेज काढलं ते ‘कमवा आणि शिका’ या पायावरच. आजही कित्येक कॉलेजांत ही योजना आहे. लायब्ररीत, ऑफिसात, बागेत काम केलेली मुलं मुलाखतीला येतात तेव्हा हे लपवतात. गरिबी दिसेल म्हणून. पोरांनो, आमच्यासारख्याला त्यात वेळेवर हजर राहणारा माणूस दिसतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीत ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आणलं, त्याला क्रेडिटही आहेत. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: मामाच्या ओळखीतलं लेटरहेड, शिक्का, सही. शिक्का मिळतो, पण ‘तिथे पहिल्या आठवड्यात काय केलंस?’ म्हटलं की ततपप होते. त्यापेक्षा गावातल्या सीएच्या ऑफिसात खरीखुरी बिलं लाव, गॅरेजवर बस, मेडिकलमध्ये स्टॉक मोज. नाव मोठं नसलं तरी चालतं, सांगताना तपशील मोठे लागतात.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी एक काम हमखास सांगतो. गॅदरिंगची वर्गणी गोळा करायला स्वतः बाजारपेठेत जा. दहा दुकानदार नाही म्हणतील, एखादा चहा पाजेल, एखादा गेल्या वर्षीच्या हिशेबाचं विचारेल. अनोळखी माणसासमोर तोंड उघडायची भीती जाते ती अशीच. आणि फोन करायला शिका. मेसेज टाकून दोन निळ्या टिकांची वाट बघणारी पिढी फोनवर बोलायचं म्हटलं की शेजाऱ्याच्या हातात फोन देते.

इंग्रजीचं म्हणाल, तर अडचण खरी आहे, उगाच गोड बोलत नाही. पण शॉपफ्लोअरवर दिवसभर मराठी-हिंदीच चालते. मोठमोठे शब्द घोकण्यापेक्षा आपलंच काम पाच छोट्या वाक्यांत इंग्रजीत सांगून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ऐकवत नाही, माहितीय. तरी ऐका.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. ‘लग्नाचं काय ठरलंय?’ हा प्रश्न अजूनही विचारला जातो आणि त्यात चूक टेबलाच्या आमच्या बाजूची आहे. तयारी करायची तर ‘कामाबद्दल विचारा, शिफ्टला मी तयार आहे’ हे न चिडता म्हणायची करा. तरी तेच रेटत राहिले तर तिथे नोकरी कशी असेल याचा अंदाज तुम्हाला आलाच.

आणि शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हटल्यावर ‘नो सर’ म्हणून उठू नका रे! सहा महिन्यांनी कायम करता का, बॉन्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का, शिकवणार कोण, हे विचारा. ‘डिपॉझिट भरा, मग जॉइनिंग लेटर देतो’ म्हणणारा भेटला तर मात्र काहीच न विचारता बाहेर पडा.

प्राध्यापक मंडळी, दिवाळीनंतरचे शनिवार मी मोकळा आहे. मानधन नको, बुके-नारळ तर अजिबात नको. अट एकच, समोर पहिल्या वर्षाची मुलं बसवा. तिसऱ्या वर्षाची मागे उभी राहिली तरी चालतील. ज्यांना बोलवायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये या.