आवाज बेअरिंगचा, बिल गॅसचं

एसी लावला की गाडी घरघरते, एवढंच सांगायला माणूस गॅरेजमध्ये जातो आणि बॉनेट उघडायच्या आधीच उत्तर मिळतं: "गॅस कमी झालाय, टॉप-अप मारू." डोकं फिरतं हे ऐकून! आधी आवाज तर ऐका. गॅस कमी असेल तर डॅशबोर्डमागून सुस्स किंवा गुळगुळ असा आवाज येतो, कॉम्प्रेसरचा, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाचा, क्लच (त्याला बेल्टच्या पुलीशी जोडणारी चकती) दर काही सेकंदांनी टक करून लागतो आणि सुटतो, हवाही पुरेशी गार येत नाही. घरघर हे त्याचं लक्षणच नाही. आणि गॅस म्हणजे रोज जळणारं पेट्रोल नव्हे. कमी झालाय याचा अर्थ कुठूनतरी गळतोय. गळती न शोधता वरून भरलेला गॅस त्याच भोकातून जाणार, मग दर उन्हाळ्यात पुन्हा तेच पैसे.

आवाज कुठला हे कळायला पाच मिनिटंही लागत नाहीत. इंजिन बंद ठेवा, किल्ली ऑनवर न्या, एसीचं बटण बंद ठेवून नुसता ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) एकपासून चारपर्यंत फिरवा. वेगाबरोबर आवाज चढला तर दुखणं डॅशबोर्डच्या आत आहे, कॉम्प्रेसरचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. काचेखालच्या जाळीतून गेलेला पालापाचोळा ब्लोअरच्या पिंजऱ्यात अडकलेला असतो, नाहीतर मोटरचं बुश झिजलेलं असतं. काही स्वस्त मॉडेल्समध्ये कॅबिन फिल्टर कंपनीतून येतच नाही, त्याची नुसती खाच असते. झाडाखाली लावलेल्या अशा गाडीत पानं थेट पंख्यावर पडतात. बऱ्याच गाड्यांत ग्लव्ह बॉक्स काढला की खाली तीन स्क्रूंवर ब्लोअर असतो. तो उतरवून साफ करायला अर्धा तास पुरतो. यासाठी लोकांना गॅसचं बिल लावलं जातं, ही सरळ लूट आहे!

(गाडी सुरू करताच डॅशबोर्डमधून काही सेकंद टक-टक-टक आलं तर हवेची झडप फिरवणाऱ्या ॲक्चुएटरच्या प्लास्टिक गिअरचा दात तुटलाय. त्याचाही गॅसशी संबंध नाही.)

आता इंजिन सुरू करा, एसी बंदच ठेवा. घरघर तरीही येत असेल तर बेल्टच्या बाजूची बेअरिंगं तपासा: आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली), टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), अल्टरनेटर आणि कॉम्प्रेसरची पुली. क्लचवाल्या कॉम्प्रेसरची पुली एसी बंद असतानाही फिरतच असते, म्हणून तिचं बेअरिंग आधी जातं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका भागाच्या न फिरणाऱ्या बोल्टवर टेकवून मूठ कानाला लावा, दोषी लगेच सापडतो. ओढणी, सैल बाही बेल्टपासून लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो. बेल्ट चिरकत असेल तर त्याच्या खाचांवर थोडं पाणी मारा: आवाज क्षणभर थांबला तर पुल्या एका रेषेत नाहीत, वाढला तर बेल्ट सैल आहे.

सगळ्यात जास्त चीड इथे येते. पुलीचं बेअरिंग खराब, आणि गिऱ्हाइकाला सांगतात अख्खा कॉम्प्रेसर बदला! बेअरिंगचा नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो. ३५बीडी५०२० म्हणजे आतला व्यास ३५, बाहेरचा ५०, जाडी २० मिलिमीटर. बाजारात सहज मिळतं. हात घालायला जागा असेल तर गॅस न सोडता काम होतं: हबचा (पुढच्या चकतीचा) बोल्ट काढा, सर्क्लिप (पुली अडकवणारी रिंग) काढा, पुलरने पुली बाहेर. पुलीत नवं बेअरिंग बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा. आतल्या रिंगवर हातोडा हाणला की गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि नवं बेअरिंग महिन्याभरात पुन्हा ओरडायला लागतं. जोडताना क्लचची फट, म्हणजे चकती आणि पुलीमधलं अंतर, फीलर गेजने (मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. साधारण ०.३५ ते ०.६ मिलिमीटर असते, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये. फट वाढली की क्लच घसरतो, किंचाळतो, जळका वास येतो. बऱ्याच क्लचमध्ये हबमागचा एक पातळ शिम (वॉशरसारखी चकती) काढून ती कमी करता येते. पण फीलर गेज हातात घ्यायचा कंटाळा!

एसी लावल्यावरच खडखड येत असेल तर मात्र कॉम्प्रेसर आणि त्याच्या बेसचे बोल्ट बघा. बोल्ट सैल असला तरी असाच आवाज येतो, आधी तो आवळा. मग गॅसचा दाब मोजणारं गेज लावा. गॅस जास्त भरला तरी हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या बाजूचा, दाब चढतो आणि कॉम्प्रेसर ठोकायला लागतो. छोट्या हॅचबॅकमध्ये बहुधा ३५० ते ५०० ग्रॅम गॅस बसतो, नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो, तरी वजनकाटा न लावता अंदाजपंचे गॅस सोडतात. कॉम्प्रेसरच्या तेलात चंदेरी चुरा दिसला तर कॉम्प्रेसर आतून गेलाय, तिथे बदलण्याला पर्याय नाही. पण मग रिसीव्हर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारी झडप) नवे टाका, पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लश करा, कंडेन्सरही (रेडिएटरजवळची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) बदला, कारण त्याच्या बारीक नळ्यांतला चुरा फ्लशिंगने पूर्ण निघत नाही. हे न करता नुसता कॉम्प्रेसर लावला तर तोच चुरा नव्याला खातो, आणि दोष दिला जातो "लोकल पार्ट"ला.

सिस्टिम उघडली असेल तर निदान ३० मिनिटं व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं), पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागेवर राहतोय का ते बघणं, आणि सांध्यांना नव्या ओ-रिंग (रबरी कड्या), एवढं झाल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. गॅस किती ग्रॅम भरला, तेल कुठल्या ग्रेडचं आणि किती मिलिलिटर घातलं, हे बिलावर लिहून घ्या आणि काढलेला पार्ट हातात मागा. पुली बोटाने फिरवून बघा, बेअरिंग खरखरतंय की नाही ते तिथल्या तिथे कळतं.