कारखाना तोच, कोरियाही तोच

"अमेरिकन गेले, कोरियन आले. आपल्या एमआयडीसीच्या नशिबी सगळे पाहुणेच," नाना चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाले, आणि कट्ट्यावरची संध्याकाळ तिथूनच पेटली. तळेगावचा तो कारखाना आधी अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा, तिथे शेवरलेट गाड्या बनायच्या; आता तो कोरियाच्या ह्युंदाईचा. ह्युंदाईची नवी वेन्यू तिथूनच बाहेर पडते हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. रोज ट्रेलरवर चढून समोरूनच जातात.

कट्टा मारुतीच्या देवळासमोरचा. नाना देवाचे भक्त आणि गाडीचेही. दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नाव निघालं की कपाळाला आठी घालतात.

"पाहुणे कसले, नाना?" दत्ता हाताचं ग्रीस पुसत म्हणाला. "त्या कारखान्याची सुरुवातच कोरियन गाडीनं झाली."

"शेवरलेट कोरियन? अरे, सोन्याचा क्रॉस होता तिच्यावर अमेरिकेचा!"

"बिल्ला अमेरिकेचा. पत्र्याखाली काय होतं ते ऐका. कोरियाची देवू कंपनी आठवते? १९९५ ला सिएलो आणली, १९९८ ला मॅटिझ. पुढच्याच वर्षी कोरियात देवूचा समूह कर्जात बुडाला. २००२ मध्ये तिचा मोटारीचा धंदा जनरल मोटर्सनं उचलला. मॅटिझची पुढची पिढी २००७ ला स्पार्क म्हणून आपल्याकडे आली आणि २००८ ला तळेगावचा कारखाना सुरू झाला तो स्पार्कवरच. मग बीट, तिचंही डिझाइन कोरियातलंच. आता वेन्यू. मालक बदलला, कोरिया तोच आहे."

नानांनी बशीत चहा ओतला. दत्ताला उत्तर नसलं की ते बशी घेतात.

"मालक बदलला एवढंच म्हणू नकोस, दत्तादादा," वैशाली म्हणाली. ती चाकणला एका व्हेंडरकडे क्वालिटीत आहे, मोजकं बोलते. "जनरल मोटर्सनं २०१७ च्या शेवटी देशातली विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात उत्पादन. मधे चिनी कंपनीशी करार झाला, तो २०२२ ला बारगळला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ह्युंदाईनं सही केली ती जमिनीवर, इमारतींवर आणि काही यंत्रांवर. त्या यादीत माणसं नव्हती. ज्यांनी त्या कारखान्यात बारा-बारा वर्षं काढली, ते भरपाईसाठी गेटबाहेर बसले होते. कोरियन गाडी चांगली की वाईट हे नंतर बोलू."

यावर कुणी काही बोललं नाही. तळेगावात वेन्यूचं कौतुक करताना ही गोष्ट वगळता येत नाही, आणि वैशालीनं ती वगळू दिली नाही हे योग्यच झालं.

शांतता मोडायला पिंट्याच लागतो. "पण फीचर बघा ना भाऊ! सनरूफ, थंड हवेच्या सीट, एवढा मोठा स्क्रीन, त्यात अडास, म्हणजे धोका दिसला की गाडी स्वतःच ब्रेक लावते!" पिंट्या मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो आणि तसाच बोलतो. वाक्याच्या सुरुवातीला 'तर मित्रांनो' येतं, शेवटी 'व्हॅल्यू फॉर मनी'. बॉनेट उघडायची कडी कुठे असते, हे त्याला विचारायचं नाही.

"पिंट्या, टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक घ्यायची म्हणतोस. तिचा गिअरबॉक्स कुठला?" दत्तानं विचारलं.

"डीसीटी! सात स्पीड! एकदम स्मूद!"

"ड्राय आहे तो. दोन क्लच प्लेटा, थंड करायला तेल नाही. खंडाळ्याच्या चढावर रविवारी संध्याकाळी गाडी मुंगीच्या पावलानं सरकते, तेव्हा क्लच अर्धा लागलेला राहतो आणि तापतो. त्यात लोक ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवर गाडी चढावर तोलून धरतात. तसं केलं की प्लेट जळते."

"मग घ्यायचीच नाही?"

"घे, पण चालवायला शिक. पुढच्या गाडीला एक-दोन गाड्यांचं अंतर जाऊ दे, मग एकदम सरक, मग पूर्ण थांब. थांबलास की पाय ब्रेकवर, नाहीतर ऑटो होल्ड, म्हणजे ब्रेक गाडीच धरून ठेवते. स्क्रीनवर क्लच तापल्याची सूचना आली की गाडी बाजूला घे, पी मध्ये टाक, इंजिन चालू ठेव, पाय ब्रेकवर ठेव, काही मिनिटं थांब. रोज असल्याच गर्दीत जाणार असशील तर क्रेटाचा साधा दीड लिटर पेट्रोल आयव्हीटीत, म्हणजे पुलीवरच्या बिनगिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये मिळतो, डिझेलला तेलातून ताकद नेणारा टॉर्क कन्व्हर्टर आहे. दोन्ही गर्दीत निवांत. एकाच क्रेटात तीन तऱ्हेचे ऑटोमॅटिक मिळतात. तू सनरूफ बघून ठरवणार, आणि सनरूफ काही गिअर बदलत नाही."

शकीलभाई हसून हसून खोकायला लागले. ते ऑरा सीएनजी चालवतात, टॅक्सी परमिटवर. त्यांचा प्रश्न कायम एकच: पार्ट मिळतो का, आणि केवढ्याला. "दत्ताभाई, स्टिअरिंगमधल्या त्या टकटकचं सांगा यांना. स्टँडवर निम्म्यांचा तोच रोना आहे."

हा विषय निघाला की दत्ताचा आवाज बदलतो. "वीजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग. मोटर कॉलमवरच, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरच बसवलेली असते, डॅशबोर्डच्या खाली. मोटर आणि वर्म शाफ्ट यांच्या मधे एक रबरी कपलिंग आहे, ताऱ्याच्या आकाराचं, मुठीत मावेल एवढं. उष्णतेनं ते कडक होतं, मग तुकडे पडतात. आय-टेन, आय-ट्वेन्टी, वर्ना, सगळ्यांच्या जुन्या गाड्यांत हे होतं. अमेरिकेतल्या एलांट्रालाही झालं. कपलिंग काही शे रुपयांचं, पण बरेच ठिकाणी अख्खा कॉलम बदलायचं एस्टिमेट हातात देतात."

"आवाज सस्पेन्शनच्या लिंक रॉडचाही असतो की," नाना म्हणाले. नानांनी बरोबर मुद्दा काढला, हेही नोंदवायला हवं.

"असतो. म्हणून आधी ओळखायचं. गाडी उभी, इंजिन चालू, स्टिअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे झपाझप हलवायचं. हातात टकटक लागली तर कपलिंग. उभ्या गाडीत काही नाही आणि स्पीड ब्रेकरवर एका चाकाकडून खडखड आली तर लिंक रॉड नाहीतर लोअर आर्मचं बुश. ही परीक्षा फुकट आहे, तेवढी तरी करून मगच एस्टिमेटवर सही करा."

"आणि बदलायचं कसं?" शकीलभाईंनी मुद्दाम विचारलं. त्यांना माहीत आहे, पिंट्याला ऐकवायचं होतं.

"चाकं सरळ. बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा आणि लगेच हात घालायचा नाही, एअरबॅगचा साठलेला करंट जायला काही मिनिटं द्यायची. स्टिअरिंग सीटबेल्टनं बांधून टाकायचं. कॉलम सुटल्यावर ते गरगर फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे वायरची गुंडाळी, तुटते, मग हॉर्नही गेला आणि एअरबॅगचा दिवाही लागला. खालचं पॅनल काढायचं, युनिव्हर्सल जॉइंट आणि शाफ्टवर रंगाची एकच रेघ ओढायची, म्हणजे बसवताना तोच दात त्याच खाचेत जातो. एक दात चुकला की गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग वाकडं. कॉलम खाली घ्यायचा, मोटरचे बोल्ट काढायचे, जुन्या रबराचा भुगा सगळा साफ करायचा. तो भुगाच राहतो बऱ्याचदा. नवं कपलिंग घालून उलट क्रमानं जोडायचं. दोन-तीन तासांचं काम आहे, निवांत केलं तर."

"तर मित्रांनो," पिंट्या म्हणाला, "याचा व्हिडिओ टाक की."

"तू माझं २०२२ पासूनचं पंक्चरचं बिल टाक आधी."

डिझेलचा विषय वैशालीनं काढला, आणि तिथे ती दत्ताच्याही पुढे आहे. तळेगाव स्टेशन ते गाव, गाव ते स्टेशन एवढ्यासाठी लोक बीएस-सिक्स डिझेल घेतात, हे तिला पटत नाही. "सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर आहे, डीपीएफ. काजळी जळायला एक्झॉस्ट तापावा लागतो. पाच किलोमीटरात तो तापतच नाही. दिवा लागला की हायवेवर न्या, साठच्या वर, पंचवीसेक मिनिटं सलग. काजळी जळत असताना उभ्या गाडीचा आरपीएम थोडा चढा राहतो, पंखा जोरात फिरतो. तेव्हा किल्ली फिरवून घरात जायचं नाही. आणि ऑइल कमी राखेचंच घालायचं, डब्यावर सी-टू की सी-थ्री ते मॅन्युअलशी जुळवून. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये कायमची बसते, ती कितीही पळवलं तरी जळत नाही."

नाना इतका वेळ दम धरून होते. "ते सगळं जाऊ दे. पत्रा? कोरियन गाडी म्हणजे वरून पॉलिश! २०१४ ला अपघाताच्या चाचणीत आय-टेनला शून्य तारे! निऑसला दोन! क्रेटाला तीन!" हे तिन्ही आकडे नानांना पाठ आहेत.

"वर्नाला २०२३ ला पाच," वैशाली म्हणाली. "आणि नाना, २०१४ च्या त्याच चाचणीत अल्टोलाही शून्यच होतं. वॅगनआरला २०२३ ला एक."

"डिझायरला पाच!"

"तेच म्हणतेय मी. आकडे मॉडेलचे असतात, कंपनीच्या जातीचे नसतात."

हे वाक्य कट्ट्याच्या भिंतीवर रंगवून ठेवण्यासारखं आहे. नानांनी दुसरी बशी मागवली.

"पण इंजिन तरी त्यांचं स्वतःचं कुठे होतं रे?" नाना हरत नाहीत, ते फक्त जागा बदलतात. "मित्सुबिशीचं होतं की."

"होतं," दत्ता म्हणाला. "१९६७ ला ह्युंदाई कंपनी काढली, फोर्डची कॉर्टिना जोडून विकली. ती कोरियातल्या कच्च्या रस्त्यांवर टिकेना. फोर्डशी फिसकटलं, तेव्हा ह्युंदाईचा संस्थापक चुंग जू-युंग म्हणाला, आपलीच गाडी करू. डिझाइन इटलीच्या ज्युजारोचं, इंजिन-गिअरबॉक्स मित्सुबिशीचे, कारखाना उभा करायला ब्रिटिश लेलँडमधला माणूस. १९७५ ला पोनी निघाली. स्वतःच्या हातचं पहिलं इंजिन, अल्फा, यायला १९९१ उजाडलं. आणि पुढे ह्युंदाईनं आखलेलं थीटा इंजिन मित्सुबिशीनंच वापरलं. गुरूनं चेल्याचं इंजिन घेतलं, नाना."

"आणि त्याच थीटाच्या पुढच्या पिढीनं नाक कापलं," वैशालीनं लगेच जोडलं. तिला अर्धवट कौतुक चालत नाही. "अमेरिकेतल्या सोनाटा. क्रँकशाफ्टच्या ऑइल होलमध्ये मशिनिंगची चिप राहिली. ऑइल अडलं, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग घासलं, इंजिन जाम. २०१५ ला ४ लाख ७० हजार गाड्या परत बोलावल्या, आणि ती फक्त सुरुवात होती. कंपनीतल्याच एका इंजिनिअरनं कागद अमेरिकन सरकारकडे नेले. त्याला २०२१ ला २.४ कोटी डॉलर बक्षीस मिळालं. आमच्याकडे नवीन पोरं विचारतात ना, वॉशिंगनंतर होलमध्ये हवा मारून परत टॉर्चनं बघायचं कशाला? याच्यासाठी."

शकीलभाई म्हणाले, "मला सँट्रो आवडायची. उंच बसायला, पोटात फ्यूल इंजेक्शन. तेव्हा मारुती एट हंड्रेड कार्बोरेटरवर खोकत होती."

"पट्टा मात्र सांभाळायला लागायचा," दत्ता म्हणाला. "सँट्रोच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट. आज सेकंडहँड कुणी घेतली तर पहिल्या दिवशी बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदम बदलून टाका. बेल्टची नोंद कागदावर नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरायचं. तुमच्या ऑरात कप्पा इंजिन, त्याला चेन आहे, ती भानगड नाही. तुम्ही फक्त सीएनजीच्या टाकीची तीन वर्षांची टेस्ट चुकवू नका."

"सँट्रो १९९८ ची ना?" पिंट्याला एक आकडा माहीत होता याचा त्यालाच आनंद झाला.

"सप्टेंबर १९९८. आणि त्याच वर्षी चुंगनं गाई नेल्या."

"गाई?"

"चुंगचं गाव आता उत्तर कोरियात आहे. पोरवयात बापानं गाय विकून आणलेले पैसे घेऊन हा घरातून पळाला होता. पुढे तांदळाचं दुकान, मग गॅरेज, मग बांधकाम, मग मोटारी. म्हातारपणी त्यानं सीमा ओलांडून गुरं नेऊन दिली. जूनमध्ये ५००, ऑक्टोबरमध्ये ५०१. एका गाईचे १००१ करून फेडले."

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही, खरंच आलं. "याला म्हणतात संस्कार," ते म्हणाले. "घेतलेलं माणसानं परत करावं. माझं मत बदललं बघ कोरियनांबद्दल."

दत्तानं ग्रीसचं फडकं खांद्यावर टाकलं. "नाना, माझा हायड्रॉलिक जॅक तुमच्या झेनच्या डिकीत २०११ पासून आहे."

"असेल की."

"एक हजार एक द्या."

चहावाल्यानं हातातली किटली खाली ठेवली आणि आधी पोटभर हसून घेतलं. शकीलभाई देवळाच्या पायरीवरच बसले. पिंट्यानं गणित करायला मोबाइल काढला, वैशालीनं तो हिसकावून घेतला, आणि नाना बशी तोंडाशी धरून म्हणत राहिले, "जॅक दोन टनी होता का तीन टनी, ते आधी ठरू दे."

"तीन टनी, नाना!" चहावाल्यासकट सगळे ओरडले.