रश लिंबॉंचा रेडिओ शो १९८७ च्या एका निर्णयातून जन्मला नाही

अमेरिकेतल्या राजकीय ध्रुवीकरणाचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो: 'तिथे फेअरनेस डॉक्ट्रिन नावाचा कायदा होता. रेडिओला दोन्ही बाजूंना समान वेळ द्यावा लागे. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो रद्द केला, म्हणून १९८८ मध्ये कट्टर उजवे रेडिओ निवेदक रश लिंबॉ आले आणि मग उजवीकडे झुकलेलं फॉक्स न्यूज.' यातली सालं बरोबर आहेत. त्यांची घातलेली सांगड मात्र बहुतेक ठिकाणी चुकते.

'कायदा होता, रेगन यांनी रद्द केला.' हा संसदेचा कायदा नव्हता. एफसीसी या प्रसारण नियामक आयोगाने १९४९ मध्ये आखलेलं ते धोरण होतं. १९८७ च्या जूनमध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्याला कायद्याचं रूप देणारं विधेयक मंजूर केलं. रेगन यांनी व्हेटो वापरला तो या विधेयकावर. धोरण रद्द केलं आयोगाने, ४ ऑगस्टला, ४-० मतांनी. आयोगाचे अध्यक्ष डेनिस पॅट्रिक रेगन यांनीच नेमलेले होते, त्यामुळे राजकीय जबाबदारी रेगन यांच्याकडे जाते, हे खरं.

'दोन्ही बाजूंना समान वेळ.' सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. समान संधीची अट १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टच्या कलम ३१५ मध्ये आहे. ती फक्त निवडणुकीतल्या उमेदवारांसाठी आहे आणि आजही लागू आहे. फेअरनेस डॉक्ट्रिनच्या अपेक्षा दोनच: सार्वजनिक महत्त्वाचे वादग्रस्त विषय हाताळा आणि विरुद्ध मतांना वाजवी संधी द्या. हा समतोल स्टेशनच्या एकूण प्रसारणात पाहिला जाई, एकाच कार्यक्रमात नव्हे. म्हणजे दुपारी तीन तास एकतर्फी बोलणारा निवेदक चालत असे; दुसरी बाजू संध्याकाळी ऐकवली तरी पुरे.

याच्याच जोडीला १९६७ पासून व्यक्तिगत हल्ल्याचा नियम होता. वादग्रस्त विषयावर बोलताना कुणाच्या चारित्र्यावर किंवा सचोटीवर हल्ला झाला, तर स्टेशनने आठवड्याच्या आत त्या व्यक्तीला कळवायचं, टेप, संहिता किंवा अचूक सारांश पाठवायचा आणि उत्तरासाठी वेळ द्यायचा. हा नियम १९८७ मध्ये गेलाच नाही. तो २००० पर्यंत नियमपुस्तकात होता, म्हणजे लिंबॉंच्या देशव्यापी शोची पहिली बारा वर्षं! फिरत्या मजकुरात याचा उल्लेख कधीच नसतो.

'म्हणून लिंबॉ आले.' लिंबॉ १९८४ पासून सॅक्रामेंटोच्या केएफबीके स्टेशनवर राजकीय टॉक शो करत होते, तेही डॉक्ट्रिन पूर्ण लागू असताना. तिथले भडक निवेदक मॉर्टन डाउनी ज्युनियर यांच्या जागी ते आले होते. त्यांच्याही आधी जो पाइन आणि न्यूयॉर्कचे बॉब ग्रँट हे निवेदक श्रोत्यांशी कडाक्याचे वाद घालत होते.

मग १९८०च्या दशकात नेमकं बदललं काय? संगीत एएमवरून (आपल्याकडची मीडियम वेव्ह) एफएमवर गेलं. एफएमचा आवाज स्वच्छ आणि स्टिरिओ. एएमवर खरखर आणि वरचे सूर कापलेले. बोलण्याला मात्र तेवढा दर्जा पुरतो. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसीने १० मे १९८२ ला गाणी बंद करून टॉक सुरू केलं. रिकाम्या तासांत काय वाजवायचं, हा प्रश्न गावोगावच्या एएम मालकांपुढे होता. त्याच सुमारास उपग्रहामुळे एकच कार्यक्रम शेकडो स्टेशनांना स्वस्तात पुरवता येऊ लागला.

एबीसी रेडिओचे माजी प्रमुख एड मॅकलॉफलिन यांनी हे हेरलं. दुपारचा टॉक शो स्थानिकच हवा, असा तेव्हाचा समज. त्यांनी लिंबॉंना दुपारच्या वेळेतच देशभर आणलं, १ ऑगस्ट १९८८ ला. व्यवहार बार्टरचा होता. स्टेशनने रोख पैसे न देता जाहिरातीची काही मिनिटं नेटवर्कला द्यायची आणि उरलेली स्वतः विकायची. स्थानिक निवेदकाचा पगार वाचत असताना कोण नाही म्हणेल? पुढे सुमारे ६०० स्टेशनं जोडली गेली.

डॉक्ट्रिन जाण्याचा काहीच परिणाम झाला नाही, असंही नाही. तक्रार आली की वकिलाचा खर्च आणि लायसन्स नूतनीकरणाची धास्ती, म्हणून कित्येक मालक वादाचे विषयच टाळत. ती धास्ती कमी झाली. पण लहान स्टेशनं मोठ्या साखळ्यांत गेली ती १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टमुळे. देशभरात एका मालकाकडे किती रेडिओ स्टेशनं असावीत, याची मर्यादा त्याने काढून टाकली. या कायद्यावर सही डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची आहे.

'आणि मग फॉक्स न्यूज.' फॉक्स न्यूज हे केबल चॅनेल. डॉक्ट्रिनचा कायदेशीर आधार होता मर्यादित सार्वजनिक रेडिओ लहरी आणि त्यांचं लायसन्स. १९६९ च्या रेड लायन खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते याच मुद्द्यावर उचलून धरलं होतं. केबल चॅनेलला असं प्रसारण-लायसन्स लागत नाही. पॉडकास्ट आणि यूट्यूबलाही लागत नाही, त्यामुळे ते जुनं धोरण उद्या जसंच्या तसं परत आणलं तरी या तिघांना लागू होणार नाही.