पाव किलोच्या आत

साताऱ्यात गोलबागेसमोरच्या कट्ट्यावर मास्तर एखाद्या वस्तूबद्दल सल्ला मागायला लागला की समजायचं, वस्तू घेऊन झालेली आहे. मिक्सरच्या वेळी हेच झालं, स्कूटरच्या वेळीही हेच. त्यामुळे परवा चहाचा पहिला घोट घेऊन त्यानं "शिकण्यापुरता, कॅमेऱ्याचा, स्वस्तातला ड्रोन घ्यायचा तर कुठला घ्यावा रे?" असं विचारलं, तेव्हा आप्पानं त्याच्या तोंडाकडं न बघता पिशवीकडं बघितलं.

"काढ भाईर."

खोकं निघालं. वर बर्फाचे डोंगर, '४के', '३० मिनिटे' असं सोनेरी अक्षरात. आत पाय दुमडून बसलेल्या खेकड्यासारखा काळा ड्रोन. ऑनलाइन मागवलेला, अडीच हजारांचा.

आमच्यात दाजी लग्नाची शूटिंग करतो. (तो कुणाचाच दाजी नाही, नाव पडलंय.) त्यानं खोकं लग्नपत्रिकेसारखं उलटसुलट वाचलं. "मास्तर, हे ४के फोटोचं हाय. व्हिडिओ नुसता ७२०, म्हंजे लई कमी बारकाईचा. बुडाला बघ, मुंगीएवढ्या अक्षरात. आणि फोटोसुद्धा बारक्या सेन्सरचा, ताणून मोठा केलेला. पंगत वाढली की आमटीत पाणी घालतात, तसला."

"पण तीस मिनिटं तरी उडेल?"

"बॅटऱ्या किती आल्यात?"

"तीन."

"दहा त्रिक तीस," आप्पा म्हणाला. मास्तर सातवीला गणित शिकवतो. तो काही बोलला नाही.

दाजीचं म्हणणं सरळ होतं. आजच परत पाठव, पैसे साठव आणि डीजेआय कंपनीचा मिनी २ ड्रोन जुना घे. स्वस्त ड्रोनचा कॅमेरा थेट अंगालाच बसवलेला असतो. ड्रोनला पुढं जायचं तर वाकावं लागतं, तो वाकला की चित्र वाकतं. मिनीमध्ये कॅमेरा तीन अंगांनी फिरणाऱ्या गिंबलवर टांगलेला असतो. "डोक्यावर घागर घेऊन चढावर चाललेल्या बाईची मान बघितलीयस? अंग हालतं, घागर न्हाई. पैसे त्या मानेचे हायत." शिवाय स्वस्तातल्यात व्हिडिओ ड्रोनवर साठत नाही, वायफायनं फोनवर येतो. मध्ये एक झाड आलं की चित्र तुटक, आणि जे तुटलं ते कायमचं गेलं.

"कितीला पडंल?" मास्तर.

"तुझ्या ह्या खेकड्याच्या दहापट धर. जपून वापरलेला बघावा लागंल."

इथं आप्पा उखडला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि महाग वस्तूचा त्याला मूळचाच राग. "म्हंजे पंचवीस हजाराची वस्तू ह्याच्या हातात देऊन पैल्या दिवशी नारळाच्या झाडाला लटकवायची? आणि फेब्रुवारी २०२२ पासनं बाहेरनं तयार ड्रोन आणायला बंदी हाय. सुटे भाग येतात, तयार ड्रोन न्हाई. जुन्याला काय झालं तर कुणाच्या दारात जाणार हाय ह्यो?"

"तुझ्या," दाजी म्हणाला.

त्यावर दोघं दहा मिनिटं मूळ मुद्दा सोडून एका जुन्या फोनच्या स्क्रीनवर भांडले. ते इथं देत नाही.

तेवढ्यात मास्तरनं हळूच खरं सांगितलं. ड्रोन काल रात्रीच हॉलमध्ये उडवून झाला होता. पडद्यात गेला, एक पातं मोडलं, सोबत आलेलं जादाचं पातं त्यानं बसवलं, आणि तेव्हापासून तो उडतच नाही. मोटर फिरते, आवाज करतो आणि जागेवरच कोलांटी मारतो.

आप्पानं ड्रोन मोबाइलच्या टॉर्चखाली धरला. पात्यांवर बुडाशी कोरलेलं असतं, ए आणि बी. तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतली जोडी एका दिशेनं फिरते, दुसरी जोडी उलट दिशेनं. नाहीतर सगळा ड्रोनच भिंगरीसारखा फिरला असता. मास्तरनं ए च्या जागी बी घातलं होतं. तीन कोपरे वर ओढतायत आणि चौथा हवा वर फेकून स्वतः खाली दाबतोय, मग कोलांटी नाही तर काय? आप्पानं बारक्या स्क्रूड्रायव्हरनं पातं काढलं, तर मोटरच्या दांड्यावर एक लांब केस गुंडाळलेला. चिमट्यानं ओढून काढला, चांगला वीतभर निघाला.

"ह्या मोटरीला आत ब्रश असतोय. तो झिजतोय. केस अडकला की मोटर जोर लावती, तापती, आणखी लवकर झिजती. पण बदलायला कितीशे लागतात? दाजीच्या ड्रोनचा गिंबल मोडू दे, मग सांगतो."

आता माझं. तीन वर्षांपूर्वी माझा असाच एक ड्रोन यवतेश्वरच्या पठारावरून गेला. गेला म्हणजे गेलाच, परत दिसला नाही. माझ्यापासून लांब जाताना सगळं ठीक होतं. वळवून त्याचं तोंड माझ्याकडं केलं आणि घोटाळा झाला, कारण तेव्हा त्याची डावी ती माझी उजवी. दरीपासून लांब आणायला मी स्टिक उजवीकडं दाबली, तो दरीकडं सरकला. घाबरून आणखी दाबली. मग 'घरी ये' चं बटण दाबलं. तर जीपीएस नसलेल्या ड्रोनला घर कुठलं माहीत असणार? तो उडताना ज्या दिशेला तोंड होतं, तिच्या उलट चालू लागतो, एवढंच. वारा आडवा होता. ठिपका झाला, मग ठिपकाही नाही.

साताऱ्यात ड्रोन घेताना कॅमेऱ्याआधी वारा विचारात घ्यायला पाहिजे. चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. खाली पान हलत नसलं तरी वर शंभर फुटांवर वेगळाच वारा असतो. ड्रोनचा सर्वात जास्त वेग सेकंदाला ८ मीटर असेल, म्हणजे ताशी २९ किलोमीटर, आणि वारा ३० चा असेल, तर पूर्ण जोरानं पुढं जाणारा ड्रोनही मागंच सरकतो. हलक्या ड्रोनची खरी अडचण ही आहे, मेगापिक्सेल नाही.

"मग तुझं म्हणणं काय?" दाजी.

मी तिसरंच सांगितलं. टेलो नावाचा छोटा ड्रोन जुना कुठं मिळाला तर बघ. ८० ग्रॅम, एका बॅटरीत १३ मिनिटं, व्हिडिओ ७२०चाच. पण पोटाखाली जमीन बघणारा कॅमेरा आहे, त्यामुळे स्टिक सोडली तर तो हवेत एका जागी थांबतो, पडद्याकडं वाहत जात नाही. फक्त खाली खरबरीत किंवा नक्षीची जमीन पाहिजे. चकचकीत कोऱ्या फरशीवर, अंधारात, पाण्यावर त्याला काही कळत नाही. वर शाळेतल्या पोरांना स्क्रॅच या मुलांच्या सोप्या संगणक भाषेत प्रोग्रॅम लिहून उडवता येतो. मास्तरचे डोळे जरा चमकले. आप्पा म्हणाला, "आपोआप थांबणारा घेऊन ह्यो शिकणार काय? डोंबल?" यात तथ्य आहे, हे मी तिथं कबूल केलं नाही.

मग कायद्यावर गाडी आली. मास्तरला परवान्याची धास्ती. दाजीनं सांगितलं की ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो, त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यापुढं दोन किलोपर्यंत मायक्रो, तिथंही हौसेनं उडवला तर नाही, धंद्याला लागतं. त्याचा लग्नाचा ड्रोन मोठा आहे, म्हणून त्यानं ते काढलंय. पण प्रमाणपत्र नको म्हणजे कुठंही उडवा असं नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघायचा, हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, लाल भागात केंद्राच्या परवानगीशिवाय नाही. "आणि कासला फुलं बघायला जाशील तेव्हा घरी ठेवून जायचा. वनखात्याला विचारल्याबिगर तिथं काढायचा न्हाई."

"ह्याचं वजन किती असंल?"

समोर पेढेवाला होता. आप्पानं ड्रोन बॅटरीसकट त्याच्या काट्यावर ठेवला. १२४. पेढेवाल्यानं न विचारता शेजारी कंदी पेढ्यांचा कागद ठेवला आणि २५० केले. "हे धरा. आता ह्याच्याएवढं होईपर्यंत भ्यायचं न्हाई." पैसे मास्तरनं दिले.

पेढे खाता खाता ठरलं ते एवढंच: परत करायला पाच दिवस आहेत, तोवर कॅमेरा काढून ठेवायचा. आप्पाचीच कल्पना. वजन कमी होतं आणि मुख्य म्हणजे फोनच्या पडद्याकडं बघायची सवय लागत नाही. बॅटरी उडवून झाल्यावर लगेच चार्जला लावायची नाही, गार होऊ द्यायची. पुरीसारखी फुगलेली दिसली तर पुन्हा लावायचीच नाही.

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये जमलो. पंखे बंद. मास्तरनं गुडघ्याएवढ्या उंचीवर ड्रोन चांगला अर्धा मिनिट धरला, घाम फुटला होता. मग आप्पा म्हणाला, "आता तोंड तुझ्याकडं कर." केलं. डावी-उजवी चुकली आणि ड्रोन सुविचाराच्या फळ्यावर आदळून खाली पडला. पुन्हा उचलला. पुन्हा फळा. पाचव्या वेळेला तो फळ्याच्या वीतभर अलीकडं थरथरत थांबला, वळला आणि मास्तरच्या पायाशी येऊन टेकला.

मास्तर खाली बसला, पातं चाचपून बघितलं. वर न बघता म्हणाला, "दाजी, तो जुना मिनी... वापरलेला म्हणजे किती वापरलेला?"

आप्पानं त्याच्या पिशवीकडं बघितलं.