नांदी कापली ती कापलीच

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार.

संध्याकाळी रेडिओवर 'संगीत शाकुंतल' होतं. चार दिवस आधीपासून ध्यानात ठेवलेलं. नेमकं तेव्हाच पाणी सुटलं (सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको). पिंप भरत भरत ट्रान्झिस्टर न्हाणीच्या उंबऱ्यावर आणून ठेवला. ऑर्गन वाजला, सगळ्यांनी मिळून नांदी (नाटकाआधीची देवाची प्रार्थना) उचलली, दोन ओळी झाल्या आणि आवाज खाली! वरून निवेदकबाई नाटकाची माहिती सांगायला लागल्या. नांदीवर! त्यांचं आटपेपर्यंत सूत्रधार आणि नटीचं बोलणं सुरूही झालेलं.

अण्णा गिरणीत माग खात्यात होते. त्या खडखडाटात वीस-बावीस वर्षं काढल्यावर कान जातात, त्यांचेही गेले. एकट्या माणसाचा आवाज त्यांना धड कळायचा नाही. शकुंतलेचं नाजूक बोलणं, ताना, सगळं वाया. पण नांदीला आठ-दहा गळे एकदम लागले की रेडिओच्या लाकडी खोक्यावर तळहात टेकवून उभे राहायचे. अंगात बनियन, केसांत कापसाचं तूस. नांदी संपली की "झालं माझं नाटक" म्हणायचे आणि आईला भाकरी वाढायला सांगायचे.

शाकुंतल लिहिणाऱ्या किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात त्याचे पहिले चार अंक केले. तेव्हापासून संगीत नाटकात आधी सगळे मिळून देवाला नमस्कार करतात, मग पुढचं. तो नमस्कार मधेच तोडायचा? मंगलाष्टकं चालू असताना कुणी आहेराची यादी वाचतं का? आज अण्णा असते तर त्यांना बाईंचं बोलणं कळलंही नसतं. हाताखालची थरथर थांबली, एवढंच कळलं असतं.

भाचा म्हणतो, "यूट्यूबवर हाय की आत्या, कवा पण ऐक." हाय की. चार वेळा सेव्ह करून ठेवलंय, एकदाही पूर्ण ऐकलं नाही. माझंच चुकतं, मान्य. रेडिओवाल्यांनाही मिनिटांचा हिशेब असतो, आणि आजच्या काळात शाकुंतल लावतंय कुणीतरी हेच खूप, तेही मान्य. पण अण्णा नांदीसाठी पाळी बदलून घ्यायचे हो. पाळी! आणि इथे दीड मिनिट निघत नाही?

शेवटी भाच्याला बसवलाच. त्याच्या ब्लूटूथच्या डब्यावर नांदी लावायला लावली. म्हटलं, कान देऊ नको, नुसता हात ठेव. आधी फिदीफिदी हसला. मग गप्प. मग म्हणाला, "थरथरायलंय की गं."

तेवढ्यात पिंप भरून वाहायला लागलं, अख्खी न्हाणी पाण्याखाली. पाचव्या दिवसाचं पाणी! आता शिव्या कुणाला घालू?