वू ता-यू ‘नुसते शिक्षक’ होते का? एका कॉमेंटला उत्तर

नमस्कार, तुमची कॉमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की चिनी भौतिकशास्त्रज्ञ वू ता-यूंवर एवढं लिहिण्यासारखं काय आहे, नोबेल मिळालं यांग आणि ली या त्यांच्या विद्यार्थ्यांना, हे नुसते शिक्षक, आणि १९४६ ला देश सोडून निघून गेले. मला यातलं काहीच पटलं नाही.

आधी संशोधनाचं बघू. १९३३ साली अमेरिकेत मिशिगनला पीएचडी करताना त्यांनी तिथले भौतिकशास्त्रज्ञ गाउडस्मिट यांच्याबरोबर हिशोब करून दाखवलं की युरेनियमच्या आसपास ५एफ इलेक्ट्रॉनांची मालिका सुरू व्हायला हवी, म्हणजे अणूच्या ‘५एफ’ नावाच्या कक्षेत इलेक्ट्रॉन भरत जाणाऱ्या मूलद्रव्यांची रांग. प्लुटोनियम तेव्हा सापडलंसुद्धा नव्हतं, आणि अशा जड मूलद्रव्यांची वेगळी रांग असते ही रसायनशास्त्रज्ञ सीबॉर्गची ‘ॲक्टिनाइड’ची कल्पना आली १९४४ ला!

आता शिकवणं. जपानशी चाललेल्या युद्धात पेकिंग, त्सिंगह्वा आणि नानकाई अशी तीन विद्यापीठं कुनमिंगला येऊन एकत्र चालत होती, वरून जपानी बॉम्ब पडायचे, बायको क्षयाने आजारी, पैसे पुरत नाहीत म्हणून या माणसाने घरी डुकरं पाळली, आणि त्यातच रेणूंच्या कंपन-वर्णपटावर (रेणू थरथरताना कुठला प्रकाश शोषतात-सोडतात त्यावर) अख्खं पुस्तक लिहिलं, शिवाय बेइपिंगहून, म्हणजे आजच्या बीजिंगहून, आणलेला प्रिझम लाकडी सांगाड्यावर बसवून वर्णपटमापक उभा केला. तिथेच १९४२ च्या सुमारास यांग चेन-निंग पदवीच्या प्रबंधासाठी त्यांच्याकडे गेले. वूंनी त्यांच्या हातात १९३६ चा एक रिव्ह्यू पेपर दिला, रेणूंची कंपनं आणि ग्रुप थिअरी (सममितीचं गणित) यावरचा. सममितीची गोडी तिथून लागली असं यांग स्वतः सांगायचे, आणि यांग-लींचं १९५७ चं नोबेल सममितीच्याच प्रश्नावर आहे. कुठल्या पोराला कुठला पेपर द्यायचा हे कळायला भौतिकशास्त्र आतून कळावं लागतं हो, ते काय येताजाता जमणारं काम आहे?

ली त्सुंग-दाओंचं तर विचारूच नका. १९४५ ला आले तेव्हा कॉलेजची दोन वर्षंसुद्धा धड झाली नव्हती. वू त्यांना अवघड पुस्तकं आणि गणितं देत राहिले, आणि ली ती संपवून आणखी मागत राहिले.

आणि ‘देश सोडला’ म्हणता, तर १९४६ ला त्यांना चीनच्या सरकारनेच अमेरिकेला पाठवलं होतं, गणितातले ह्वा लुओगंग आणि रसायनातले झंग झाओलुन यांच्यासोबत, अणुबॉम्बचं तंत्र शिकायला. अमेरिकेने ते दार बंद ठेवलं ही वेगळी गोष्ट. सोबत तरुण न्यायचे होते, वूंनी निवडले पदवी नसलेले ली आणि दुसरे झू ग्वांगया. झू १९५० ला चीनला परतले आणि पुढे तिथल्या अणुबॉम्ब प्रकल्पाच्या तांत्रिक नेतृत्वात होते. वू स्वतः कॅनडात बरीच वर्षं राहून नंतर तैवानला गेले, १९८३ ते १९९४ अकॅडेमिया सिनिका या तिथल्या सर्वोच्च संशोधन संस्थेचे अध्यक्ष होते, चिनी भाषेत सैद्धांतिक भौतिकीची सात खंडांची पाठ्यपुस्तकं लिहिली. हे सगळं करणाऱ्याला ‘निघून गेले’ म्हणणं मला तरी मान्य नाही.