खुलासा : वॅट वाढवून विमानाचा रेडिओ लांब पोचत नाही

‘छोट्या विमानातून आवाज पोचत नसेल तर जास्त वॅटचा व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा रेडिओ) सेट बसवा’ असा सल्ला सध्या फिरतोय. बहुतेक वेळा तो पैसे वाया घालवणारा आहे. ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात; डोंगर आड आला की वॅट कितीही असोत, उपयोग शून्य. सपाट मुलखात १००० फुटांवरून साधारण ३९ सागरी मैल, ४००० फुटांवरून त्याच्या दुप्पट. पल्ला ठरवते ती उंची.

खरी गोम बहुधा अँटेनात असते. पाव तरंगलांबीची दांडी सुमारे ६० सेंटिमीटरची, आणि तिच्या बुडाशी धातूचा पत्रा हवाच. फायबरच्या विमानात तो आतून वेगळा लावावा लागतो, आणि नेमकं हेच विसरलं जातं. केबलच्या जोडावर हिरवट गंज दिसला, तर सेटला हातही लावू नका. आधी जोड बदला.